बावीसचा पाना

चांगुणा तांडेलची गाडी पहाटे ससून डॉकवर बर्फ उतरवते
आणि येताना मासळी भरते.
बारा वर्षं फाळक्याच्या फटीतून मिठाचं पाणी ठिबकतंय
नेमकं सायलेन्सरच्या पाइपावर.
पीयूसीवाल्याने तिसऱ्यांदा परत पाठवली, तेव्हा
ड्रायव्हरने ती वडाळ्याला माझ्या दारात आणून उभी केली.
म्हणाला, मिस्त्री, नुसती गॅस पिते, आणि पुलावर चढताना उचक्या देते.

डॅशबोर्डवर बोटभर काळी चिकटपट्टी.
सोलली, तर खाली पिवळा दिवा चालू.
कधीपासून?
गणपतीपासून, म्हणाला.
कुठल्या वर्षीच्या, ते नाही सांगितलं.

पुठ्ठा टाकून पाठीवर सरकलो.
सेन्सर दिसला. म्हणजे गंजाचा गड्डा दिसला
आणि त्यातून निघालेली चार वायरींची शेपटी.
अंगठ्याएवढा जीव.
धुरात नाक खुपसून बसायचं
आणि इंजिनाला कळवायचं, हवा कमी पडतेय, हात आखड,
एवढीच त्याची नोकरी.
कधीतरी तो गप्प झाला.
इंजिन अंदाजाने जेवत राहिलं.

बावीसचा पाना लावला. कोपरे झिजलेले.
पाना घसरला, बोटं चासीवर.
तेल मारलं, रात्रभर मुरू दिलं.
सकाळी पुन्हा मारलं.
कुर्ल्याहून खाचेचा सॉकेट आणला, दिवसाच्या भाड्याने,
दांड्यावर चार फुटी पाइप चढवला,
तौफीक त्याला लोंबकळला.
गाडी हलली. सेन्सर नाही.
चांगुणाबाईंचा फोन:
उद्या बोटी लागतायत, मिस्त्री. बर्फ काय डोक्यावरून नेऊ?

ज्योत लावू या, तौफीक म्हणाला.
गॅसच्या गाडीखाली?
आमच्या वस्तादाने कानफटात दिली असती.

मग तिचीच आग तिला लावली.
इंजिन चालू ठेवलं वीस मिनिटं, रेस देत देत,
पाइप मातकट लाल व्हायच्या बेतात आला
तेव्हा बंद केलं, आणि आत शिरलो
ओली गोणपाटं हातांना गुंडाळून.
आधी आवळ, म्हटलं.
तौफीक बघतच राहिला. सोडवायचंय ना?
आधी आवळ. केसभर.
ओढलं की धरून बसतं, जरा जवळ घेतलं की सैल पडतं,
असं वस्ताद म्हणायचा.
त्याची बायको दोनदा माहेरी गेली होती, ते सोडा.

कट्.

मोडण्याचा आणि सुटण्याचा आवाज एकच असतो.
तीसेक वर्षांत मला फरक सांगता आलेला नाही.
दोघंही श्वास धरून पडून राहिलो.
पाव फेरा. कुईं.
परत आवळ. तेल. तेल धूर होऊन गेलं.
अर्धा फेरा.
डावा हात कोपरापाशी पाइपाला चिकटला, तो नंतर दुखला.
आला बाहेर, दोन आटे दातांत धरून,
वरचं टोक पांढरं, खडूसारखं.

भोकातून गरम वाफ तोंडावर आली.
तौफीक शिंकला.
मी विचारलं,
कुणालाच कधी विचारलं नव्हतं, त्या तापाच्या वर्षापासून,
गिऱ्हाइकाला नाही, घरी नाही,
कसला वास आहे रे?
त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भोकाकडे.
मग नीट, डोळे मिटून वास घेतला.
आधी जळकं, म्हणाला.
मग लोखंड. मग मीठ.
आणि हसू नका, शेवटी भाजलेला बोंबील.

आट्यांतून टॅप फिरवला, नव्याला तांब्याचं मलम लावलं,
हाताने बसेल तेवढा बसवला, मग पान्याने.
दिवा विझला.
ड्रायव्हरने चिकटपट्टीचं रीळ तरीही खिशात ठेवलं.
चांगुणाबाईंनी पैसे अर्धे दिले
आणि उरलेल्याची सुरमई.

तेव्हापासून तौफीक न विचारता सांगतो,
आपलं काम न थांबवता, मान वर न करता:
मिस्त्री, क्लच जळतोय.
मिस्त्री, चहा लागला खाली.
मिस्त्री, पलीकडे कुणीतरी खोबरं भाजतंय.